शनिवारचा पहारा

ते हात वर करायचे. ओरडणं नाही, शिट्टी नाही. नुसता उजवा हात खांद्याच्या वर आणि पंजा उघडा, रस्ता ओलांडताना एखादे आजोबा येणाऱ्या मोटारीला दाखवतात तसा. की समोरचा, माती उकरणारा अजस्र डिगर गुरगुरत जागच्या जागी थांबायचा, त्याचं दातेरी बकेट हवेत लोंबकळत राहायचं, आणि हे गृहस्थ कण्हत-कुंथत खड्ड्यात उतरायचे. खाली काय, तर एखादी वीट. नाहीतर मातीच्या नळाचा तुकडा. बहुतेक वेळा काहीच नाही. मग वर येऊन कपडे झटकायचे आणि पुन्हा हात हलवायचे, चालू द्या.

तो हात वर झाला, की माझं वेळापत्रक बोंबलायचं. माझं कामच ते होतं. इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या बाहेर एक जुनं फार्म होतं. विटांचं घर, काळ्या फळ्यांचं धान्याचं कोठार, गुरांचे गोठे, मधे दगडी अंगण. ते विकत घेऊन त्याची घरं करणाऱ्या कंपनीत कुठल्या आठवड्यात काय होणार हे मी संगणकावर रंगीत पट्ट्यांमध्ये मांडायचे. इथे इतकी जुनी वास्तू बदलायची तर कौन्सिलची अट असते: आधी पुरातत्त्ववाल्याने ती पाहायची, मोजायची, फोटो काढायचे, आणि जमीन उकरताना शेजारी पहाऱ्याला उभं राहायचं. हे ते पहारेकरी. साईटवर त्यांच्याइतका नावडता माणूस दुसरा नव्हता, आणि नावड असणाऱ्यांत पहिला नंबर माझा.

नाव सांगत नाही. पण कागदावर आडनाव वाचलं तेव्हा मी उडालेच. शेवटी ‘कर’, तेही अलिबागकडच्या गावाचं. मी हळूच मराठीत विचारलं, तुम्ही कोकणातले का हो? त्यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं. म्हणाले, “कोकणातलाच गं पोरी. बोल, अजून बोल. बरेच दिवसांत ऐकलं नाही.” साठी उलटलेला माणूस, भर चिखलात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्या क्षणापासून ते माझे काका झाले आणि मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात कोळंबीचं कालवण नेलं. काकांनी डबा उघडला, डोळे मिटून वास घेतला आणि झाकण लावलं. आम्हाला चालत नाही, म्हणाले. आता तुम्हीच सांगा, कोकणातला माणूस आणि कोळंबी चालत नाही? मला वाटलं, माळकरी असतील. ते पोट धरून हसले. मग कळलं की ते बेने इस्रायल, मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. खवल्यांचा मासा चालतो, कवचाचा नाही. मी इतकी ओशाळले, की पुढच्या वेळी मालवणी मसाल्यातला सॅमन नेला. तो मात्र त्यांनी डबा बोटाने पुसून संपवला, आणि आठवड्याभराने मला गुळाखोबऱ्यातले पोहे आणून दिले. मलिदा म्हणतात त्याला. त्यांच्या आईच्या हातचा कसा असायचा, ते ऐकत ऐकत खायचा असतो.

त्यांचं एक पालुपद होतं. “दिसलं का तुला?” मी सांगावं, कोठाराच्या तुळईवर कोरलेली ती वर्तुळं चेटकिणींना पळवायला आहेत म्हणे. ते विचारणार, चेटकीण पळताना दिसली का तुला? वर्तुळं दिसली ना, मग वर्तुळं लिहू. मी सांगावं, साईट मॅनेजर नोकरी सोडतोय अशी कुजबुज आहे. दिसलं का तुला? अहो, माणसाने जरा चहाटळपणा करायचा की नाही! पण हा माणूस ऐकीव गोष्टीला हात लावायचा नाही. जे पाहिलं ते सांगायचं, नाही पाहिलं तर गप्प. अशा माणसाबरोबर चहा पिणं अवघड जातं, तुम्हीही असा एखादा पाहिला असेल.

शुक्रवारी ऊन कललं की ते आवराआवर करायचे, फोन बंद करायचे आणि लंडनची गाडी पकडायचे. तो फोन थेट शनिवारी अंधार पडल्यावर सुरू व्हायचा. एकदा मी विचारलं, लहानपणी शनिवारी चूलसुद्धा पेटवायची नाही म्हणता, मग चहाचं काय? त्यावर त्यांनी शेजारच्या काकूंची गोष्ट सांगितली. ती बाई शनिवारी सकाळी घरात शिरायची, चूल पेटवायची, आधण ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायची. आईने तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतंच, सांगितलं तर ते आपणच केल्यासारखं होतं. तिचं तिला कळायचं.

“मग इथे तुमची काकू कोण?” मी चिडवलं.

“इथे शनिवारी साईट बंद असते. इथे काकू लागत नाही,” ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो.

फार्मच्या शेवटच्या कुळाची बायको जिवंत होती. नव्वदीची, जवळच्या गावातल्या वृद्धांच्या केअर होममध्ये. कुठल्या खोलीत काय होतं हे विचारायला काका तिच्याकडे जायचे. त्यांना स्टेशनवर सोडायचं म्हणून मी बरोबर असायचे. म्हातारी मोठी तिखट. कोठार कोणत्या वादळात कललं, कुठल्या गाईने कोणाला लाथ मारली, सगळं तोंडपाठ. काका पेन्सिल घेऊन सगळं टिपून घ्यायचे आणि ती त्यांना बिस्किटं खायचा आग्रह करायची.

एके दिवशी तिने विचारलं, वासरांच्या गोठ्याचं काय करणार? काकांनी सांगितलं, तिथे दोन खोल्यांचं घर होणार. तिने पुढे विचारलं, जमीन उकरणार का? काका म्हणाले, पाइपसाठी थोडी. म्हातारीने हातातला कप खाली ठेवला. मग सावकाश, खिडकीकडे बघत, तिने सांगितलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती घरीच बाळंत झाली. मुलगी झाली, ती रडलीच नाही. सुईण म्हणाली, मी घेऊन जाते, तुम्ही विचार करू नका. तेव्हा नेत असत, आणि कुठे नेलं ते आईला सांगत नसत. नवरा दारात आडवा उभा राहिला. बाहेर जमीन गोठून दगड झाली होती. फक्त गोठ्यात, वासरांच्या उबेने, माती मऊ होती. त्याने तिथे, खिडकीखालच्या कोपऱ्यात तिला ठेवलं.

“तेव्हा तिला नेऊ दिलं नाही,” म्हातारी म्हणाली. “आता तुम्ही नेऊ नका.”

काकांनी पेन्सिल खिशात घातली. एक अक्षर लिहिलं नाही.  गाडीत ते म्हणाले की त्यांच्या आधी त्यांच्या आईला एक मूल झालं होतं, ते काही दिवसांतच गेलं. त्यांच्यात महिन्याच्या आतलं मूल गेलं तर शोक पाळत नाहीत. चार माणसं आली आणि घेऊन गेली. आईला कोणी जागा दाखवली नाही. पुढे कधी कबरस्तानात गेली, की ती नवऱ्याच्या, सासूच्या कबरीपाशी उभी राहायची, पण डोळे भलतीकडेच फिरत असायचे. कुठे बघावं ते तिला कळायचं नाही. आपल्याकडेही तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी गाडी चालवत राहिले. मला रडू येत होतं आणि समोर लाल दिवा होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी पाइपचा नकाशा माझ्यापुढे पसरला. सांडपाण्याची लाइन बरोब्बर त्या कोपऱ्यातून जात होती. ती भिंतीच्या पलीकडून काढता येईल का, त्यांनी विचारलं. ह्या माणसाने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी माझ्या रंगीत पट्ट्या गुंडाळून ठेवल्या, इंजिनिअरच्या मागे हात धुऊन लागले आणि नवा नकाशा करवून घेतला. तो सहीसाठी वर गेला. साईट मॅनेजरला काकांनी एवढंच सांगितलं की नवा नकाशा येईपर्यंत इथे खोदू नका, आणि स्वतःच्या हाताने त्या कोपऱ्याभोवती खुंट्या ठोकून लाल-पांढरी फीत बांधली. माझा जीव भांड्यात पडला.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता, आणि ते कधीकधी जास्त वाईट. पुढच्या आठवड्यात मुसळधार पाऊस सांगितला होता. गोठ्याची माती एकदा भिजली की यंत्र रुततं, म्हणून त्याने शनिवारीच डिगर बोलावला. हातात जुना नकाशा. फीत त्याला अडचण वाटली, त्याने ती सोडून बाजूला ठेवली. डिगर चालवणारा कार्डिफकडचा एक धिप्पाड माणूस होता. काकांच्या हातावर थांबायची त्याला इतकी सवय, की कोणी शेजारी उभं नाही म्हणून तो खाली उतरला आणि त्याने काकांना फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. काका तेव्हा लंडनला प्रार्थनेत बसले होते. मॅनेजर म्हणाला, नुसती नाली तर आहे, आटप.

सोमवारी मी पोहोचले तेव्हा काका चराच्या काठावर उभे होते. सरळ, स्वच्छ कापलेला चर, कोपऱ्यातून आरपार गेलेला. बाजूला मातीचा ढीग.  मी मॅनेजरला इंग्रजीत जे बोलायचं ते बोलले, आणि इंग्रजी संपल्यावर मराठीत बोलले. तो बिचारा नुसता पापण्या फडफडवत होता. त्याला कारण कळलंच नव्हतं, कारण आम्ही ते सांगितलंच नव्हतं. तो कार्डिफवाला मात्र हेल्मेट हातात घेऊन काकांसमोर आला आणि म्हणाला, मी फोन केला होता.

“हो,” काका म्हणाले. “माझा शनिवार होता.”

मग ते ढिगाजवळ गुडघे टेकून बसले. छोटी थापी, चाळण आणि दोन हात. पाऊस आलाच, सांगितल्यासारखा. मी छत्री धरली तर म्हणाले, उजेड अडतोय, जा. मुठीमुठीने माती फोडत होते, बोटांत चुरडत होते, चाळत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांच्या पाठीवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि मी केबिनच्या खिडकीतून बघत, ज्याच्या त्याच्यावर चरफडत बसले होते. शेवटी राहवेना. जवळ गेले आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

“दिसलं का, काका?”

“नाही.” पुढची मूठ चाळणीत टाकत म्हणाले की ही माती आंबट आहे. इतक्या लहान जिवाचं हाड ती ठेवत नाही, कापडही ठेवत नाही. “म्हणजे आता सगळी मातीच,” ते म्हणाले, आणि त्या ढिगाकडे असे बघू लागले, की माझी छत्री आपोआप त्या ढिगावर गेली.

तेवढ्यात लॉरी आत आली. उकरलेली जास्तीची माती उचलून कुठेतरी लांबच्या भरावावर टाकायला न्यायची, हे कामाच्या कार्यक्रमातच होतं. मीच नेहमीप्रमाणे मांडलेलं. डिगरने बकेट उचललं. आणि काका उठले, गुडघे सरळ करायलाही वेळ न घेता, आणि त्यांनी हात वर केला.

त्यांना तो अधिकार नव्हता, हे तुम्हाला सांगायला हवं. माती तपासून झाली होती, त्यात काही सापडलं नव्हतं, पुरातत्त्वाचं काम संपलं होतं. लॉरीवाल्याने हॉर्न दिला. मॅनेजरने कपाळाला हात लावला आणि कारण विचारलं.  न पाहिलेली गोष्ट काका कारण म्हणून कशी सांगणार? हात मात्र खाली येईना. कार्डिफवाल्याने बकेट जमिनीवर टेकवलं आणि इंजिन बंद केलं. मग मी पुढे झाले आणि माझ्या अधिकारातली एकुलती एक गोष्ट केली. म्हटलं, कार्यक्रमात बदल आहे. ही माती साईटवरच राहणार. लॉरी पलीकडचा ढीग नेईल.

गोठ्याच्या मागे जुन्या सफरचंदाच्या बागेचा एक कोपरा होता. नकाशात तो हिरवाच ठेवलेला, बांधकाम नाही. तिथे खड्डा घेऊन ती माती सगळीच्या सगळी घातली. शेवटची काकांनी फावड्याने. मग इकडेतिकडे शोधून एक गारगोटी उचलली, तिथल्या मातीत त्या पैशाला पासरी, आणि वर ठेवली. त्यांच्यात फुलं वाहत नाहीत, दगड ठेवतात.

आता म्हातारीला सांगायचं होतं. मी वाटेत म्हटलं, काका, एकदाच खोटं बोला. काही झालं नाही म्हणा. नव्वद वर्षांची बाई आहे. ते म्हणाले, बघू. केअर होममध्ये ती उबदार शाल घेऊन वाट बघत बसली होती. बिस्किटांचा डबा उघडाच होता. तिने इकडचं तिकडचं काही केलं नाही, थेट विचारलं, नेलं का तिला?

“नाही,” काका म्हणाले. “ती फार्मवरच आहे.”

मला हायसं वाटलं. पण म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आयुष्यभर गुरांचे डोळे वाचलेली बाई. तिथेच आहे? तिने विचारलं. काकांच्या मांडीवर हेल्मेट होतं, त्याचा पट्टा ते बोटाला गुंडाळत होते. त्यांना ‘हो’ म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात म्हणा, म्हणा, करत होते.

“नाही. थोडी सरकली आहे,” ते म्हणाले. “मी शनिवारी तिथे नव्हतो.”

म्हातारीने डोळे मिटले.  मग तिने विचारलं, कुठल्या बाजूला? काकांनी सांगितलं, बागेच्या. तिने मान हलवली. म्हणाली, गोठ्यात ऊन कधीच येत नव्हतं, तिकडे सकाळचं येतं. आणि मग ती रडायला लागली. काकांनी तिचा हात धरला तर तिने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. आम्ही निघालो तेव्हा बिस्किटांचं कोणी नाव काढलं नाही.

त्यानंतर काकांनी पहाऱ्याचं काम घेतलं नाही. अहवालात स्वतःच लिहिलं की गोठ्यातला चर पुरातत्त्वज्ञाच्या गैरहजेरीत खोदला गेला, काही दिसलं नाही. मी भांडले, स्वतःवर का घेता म्हणून. ते म्हणाले, गैरहजर कोण होतं? फोनवर आम्ही बोलायचो. एकदा म्हणाले, आता शनिवारी फोन बंद करवत नाही, आणि चालू ठेवला तर आईच्या फोटोला तोंड दाखवावंसं वाटत नाही. मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते त्यांना लागू पडलं नाही, मला ते कळलं. मला राग होता, अजून आहे. पण धरायचा कोणावर, ते नीट ठरत नाही.

म्हातारी आधी गेली. गेल्या हिवाळ्यात काका गेले. लंडनच्या कबरस्तानात मी सवयीने फुलं घेऊन गेले आणि ती गाडीतच ठेवून आले. त्यांची मुलगी इथेच वाढलेली. मला मिठी मारून अडखळत मराठीत म्हणाली, “बाबाला तुमची डबा खूप आवडायची.” मी तिचं काही सुधारलं नाही.

मी आता स्लाऊच्या एका कंपनीत आहे. फार्मवर घरं झाली, माणसं राहायला आली. वासरांच्या गोठ्यात नागपूरकडचं एक तरुण जोडपं राहतं, मराठी मंडळात ओळख झालेलं. गणपतीला त्यांच्याकडे गेले तेव्हा बोलता बोलता कळलं की रहिवाशांनी मिळून त्या हिरव्या कोपऱ्यात सायकलींची शेड बांधायचं ठरवलंय. छोटा डिगर भाड्याने आणणार होते. कधी? मी विचारलं. सगळे घरी असतात म्हणून शनिवारी.

शनिवारी सकाळी मी गाडी काढली. कोपऱ्यात चार-पाच माणसं कॉफीचे मग घेऊन उभी होती आणि एक लहानसा डिगर गवतावरून येत होता. गारगोटी कोणीतरी उचलून कुंपणाकडे फेकली होती. मी ती आणून पुन्हा जागेवर ठेवली, तिच्यापुढे उभी राहिले आणि उजवा हात खांद्याच्या वर केला. डिगर थांबला. एकाने नम्रपणे विचारलं, इथे काही आहे का? मी म्हटलं, मी पाहिलेलं नाही. पण शेड पलीकडच्या बाजूला करा. मग तुम्ही कोणाकडून आलात, त्याने विचारलं. कौन्सिलकडून? कंपनीकडून?

मी हात खाली घेतला नाही. मला कोणी सांगितलेलं नव्हतं. शनिवारी सांगायचं नसतंच.